घर देल्लं नाही, बांधू लागले

मायं माहेर धाड गावच्या बाजूचं. बाप वांगे, पालक, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर लावे, माय बजारात इके, अन् मी मायजवळ बसून जुड्या बांधो, म्हणून शाळा अशी काही झालीच नाही. लग्न करून देल्लं इकडं अमडापूरच्या अंगाले. नवरा काही वर्स बरा होता, मंग सुरतेले कामाले गेला अन् तठीच दुसरी करून बसला. काय सांगू तुमाले, लोकं मलेच पुसत, वच्छला, तुयं काय चुकलं. मी म्हणो, चुकलं त्याचं, मले काऊन पुसता. सासरच्याईले वाटे आता हे माहेरी जाईन. मी गेली नाही. दिराच्या गोठ्याले लागून चार टिनं उभे केले, पोरगी घेऊन तठीच राह्यली, लोकाच्या वावरात निंदाले गेली, भाजी इकली. टिनाखाली उन्हाळा असा तपे का बाजूच्या गोठ्यात बैलं माह्यापेक्षा सुखात होते.

बरं, तुमी दादासाहेबाचं इचारून राह्यले. हो, तेच, जे पहिले मंत्री होते. मंत्रिपद गेल्यावर माणसं घरी बसतात नाही तं दुसऱ्या पक्षात जातात, हे गावोगाव गरिबाचे घरं बांधत फिरू लागले, संगं दहा-पाच माणसं, कोणी मास्तर, कोणी दुकानदार, साऱ्याईचं काम बिनपगारी. आमच्या गावात सभा घेतली. म्हणे, ज्याले घर पाह्यजे त्यानं सोताच्या घरावर अन् शेजाऱ्याच्या घरावर राबाचं, अन् घर राहीन बाईच्या नावानं. मी मांगून उठली. म्हटलं, मले नवऱ्यानं टाकलं, मले भेटते का. किसन, माया दीर, म्हणे, वैनी, खाली बसा, घरचं घरात राहू द्या. मी बसली नाही. दादासाहेबानं एवढंच इचारलं, बाई, काम करता का. म्हटलं, हाव, दुसरं केलं काय आजलोक. मंग उद्या जागेवर या म्हणे.

लोकं म्हणत, फोटो काढाले आला म्हातारा. मलेही तसंच वाटे, खोटं काऊन बोलू. पण फोटोवाले पहिल्या दिवशी आले अन् गेले, हा माणूस राह्यला. सोताच्या हातानं माल कालवत, ईट लावत, वाकडी गेली का मिस्त्री म्हणे, साहेब, काढा थे, अन् ते काढत. दुपारी आमच्यात बसून भाकर-ठेचा खात, अन् ठेचा झोंबला का नाकातून पाणी काढत हासत.

मंग किसननं आडवं घातलं. जागेवर जाचा रस्ता त्याच्या वावरातून. ईटाचं टॅक्टर आलं तं यानं बैलगाडी आडवी लावून देल्ली. म्हणे, साहेब, तुमी मोठे माणसं, पण वावर मायं आहे. टाकलेल्या बायाईले घरं भेटाले लागले तं उद्या कोणाची बायको नांदन. संगंच्याईनं म्हटलं, ठाणेदाराले फोन लावा. दादासाहेब म्हणे, नाही, वावर त्याचं आहे, नाला तं सरकारी आहे, तठून जाऊ. चपला काढल्या, टॉवेलाची चुंबळ केली, डोक्यावर ईटा ठेवल्या अन् नाल्यात उतरले. गुडघे दुखत त्याईचे, हे मले माहीत होतं, चढाव आला का हात मांडीवर टेकवत. मी मांगं गेली. माह्या मांगं दुसऱ्या बाया आल्या. सारं गाव काठावर उभं राहून पाहून राह्यलं.

अन् मंग काय झालं, आयका. मायी जाऊ कमल, किसनची बायको, पदर खोसून आली अन् टॅक्टरजवळ डोकं वाकवून उभी राह्यली, म्हणे, भरा. किसन म्हणे, घरी चाल. कमल म्हणे, येतो न, एवढ्या ईटा टाकून येतो. आवाज चढवला नाही, थांबलीही नाही. अशा तिनं कितीक खेपा केल्या. सांजच्या पहिले किसननं गाडी सोताच वढून बाजूले केली. कोणी त्याले टोमणा मारला नाही. दादासाहेबानं तसं सांगूनच ठेवलं होतं.

घर झाल्यावर चावी देतानी दादासाहेब मले म्हणे, वच्छलाबाई, म्या तुमाले घर देल्लं असं कोणाले सांगू नका, बांधू लागलो म्हणा.

ते गेले मांगच्या हिवाळ्यात. शोकसभेले गाड्याच गाड्या. मंग त्याईच्या जागी जो नेता झाला, त्याची माणसं बोर्ड घेऊन आली, घरोघरी दारावर ठोकाले. वरतं दादासाहेबाचा फोटो, खालतं या नेत्याचा त्याहून मोठा, अन् लिव्हलेलं, यांच्या कृपेने. पोरीनं वाचून दाखवलं. मी दारात उभी राह्यली. म्हटलं, खिळा मारू नका. त्यातला एक म्हणे, मावशी, उपकार इसरल्या का. म्हटलं, इसरली नाही, म्हणूनच मारू देत नाही. त्या माणसानं ईटा वाह्यल्या, तुमी कुठी होते. कृपा असती तं मायी मान कायले मोडली असती. तो म्हणे, मंग या गल्लीत नळ येत नाही पाहा. म्हटलं, नको येऊ दे. बाकीच्या बायाईनं बी नाही लावू देल्ले. एकीनं लावला, तिची मर्जी, घर तिचं आहे.

नळ अजून आला नाही. आणतो आमी इहिरीवरून.

पोरगी आता बाळंतपणाले आली आहे, आतल्या खोलीत निजली. जावई बरा आहे, पण त्याच्या मायले बोलाची सवय. म्या तिले तोंडावर सांगलं, इनबाई, पोरगी नांदाले देल्ली, टाकून नाही देल्ली. अन् पोरीले म्हटलं, जाशीन तं तुह्या मनानं जा, राहाशीन तं हे घर आहे. दादासाहेबाच्या जिवाले तठी सुख लागो. मले म्हणान तं मी अठीच हाव, अन् अठून मले उठवणारा अजून पैदा व्हाचा आहे.