खांबाला चिकटून

नाही नाही, साहेब, तुम्ही इकडे बसा, ती खुर्ची डुगडुगते — विकी, साहेबांकडे फिरव रे तो पंखा — गॅरेज आहे, थोडं ग्रीस लागणारच, पण तुम्ही आलात हेच खूप झालं. खरं सांगू का, बावीस दिवस झाले ठोकून, इन्शुरन्स कंपनीचा पहिला जिवंत माणूस बघतोय मी. फोन लावला की रेकॉर्ड केलेली बाई, मराठीसाठी दोन दाबा. दाबलं दोन. गाणं वाजतं. मग कोणीतरी येतो, क्लेम नंबर विचारतो, होल्ड करा म्हणतो आणि कट. परत लावला की दुसराच, परत पहिल्यापासून — कुठे ठोकली, कोणी ठोकली. फोटो पाठवा. पाठवले. अंधुक आहेत, परत पाठवा. परत पाठवले. मग मेसेज आला, सर्व्हेयर येईल. कधी येईल, तर ते कोणालाच माहीत नाही. म्हणून मी रोज इथे जोगेश्वरीला येऊन बसतो, विकी पण कंटाळला असेल मला.

गाडी माझी नाही हां, मुलीची आहे, प्रियंकाची. फिजिओथेरपिस्ट आहे ती, पेशंटच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते — लकवा मारलेले, गुडघे बदललेले, असे सगळे. अंधेरी, पवई, पार मुलुंडपर्यंत. बरोबर मशीन असतं, हे एवढं जड, ते घेऊन आता रिक्षातून फिरते पोरगी. वेळ गाठता येत नाही, दोन पेशंट सुटले. असंच चाललं तर बाकीचे पण सुटतील, आणि तुमच्या कंपनीने नाही म्हटलं तर गाडी दुरुस्त करायची ऐपत नाही आमची, सरळ सांगतो. आत्ता पण पेशंटकडेच आहे ती, म्हणून मला बसवलंय. सकाळी बजावून गेली — पप्पा, कागद द्यायचे, विचारलं तर हो नाहीतर नाही, जास्त बोलायचं नाही. तिला माहितीये ना मला. एकतीस वर्षं बस चालवली मी, साहेब. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असायची डोक्यावर. एकतीस वर्षं गप्प बसलो, ते सगळं रिटायर झाल्यावर बाहेर पडतंय.

हा फॉर्म. हे आरसी, ही तिच्या लायसनची झेरॉक्स, खाली सही तिचीच. लिहिलंय बघा सगळं — आरे कॉलनीच्या रस्त्यावर कुत्रा आडवा आला, ब्रेक मारला, मागून टेम्पोने ठोकलं. टेम्पोवाला थांबला पण नाही, पळाला. डिकी गेली, बंपर गेला, सगळं मागूनच.

हां, पुढचा डावा कोपरा पण गेलाय. तो खांबाला लागला. मागून धक्का बसला ना, गाडी पुढे ढकलली गेली. डावीकडे कशी? म्हणजे काय, खांब डावीकडेच होता. बरोबर आहे तुमचं, कुत्र्यासाठी ब्रेक मारला तर गाडी रस्त्याच्या मधे उभी राहील, खांबाजवळ कशाला जाईल — अहो पण तो बस स्टॉपचा खांब आहे, तबेल्याच्या वळणावरचा. तिथे फुटपाथ नाही, कायम शेणाचा चिखल. तिथे चिकटूनच लावायला लागते, हातभर पण अंतर ठेवलं तर म्हातारं माणूस चिखलात पाय घालणार. नवीन ड्रायव्हर लांब लावतात, मी कधी नाही लावली. आणि तिथे एक म्हातारी उभी होती, हातात पिशवी, हात असा वर केला तिने — हात दिसला की माझा पाय आपोआप जातो, साहेब. इंडिकेटर, डावीकडे, खांब. आपण बस चालवत नाहीये हे टेम्पो धडकल्यावर कळलं मला. देवाशप्पथ सांगतो, म्हातारीला काही झालं नाही. मी उतरलो तर मलाच विचारते, स्टेशनची बस गेली का हो?

लिहायचं का थांबलात?

नाही, म्हणजे... प्रियंकाच चालवत होती. मी बाजूला होतो.

जाऊ दे. तुम्ही पण काही लहान नाही. लायसन संपलंय माझं. रिन्यू करायला गेलो तर डॉक्टर म्हणाला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा आणि मग या. भीती वाटली, नाही केलं. रविवार होता, ती झोपली होती, दमून आलेली. म्हटलं एक चक्कर मारून येतो आपल्या जुन्या रस्त्याने. एवढंच. विचारलं पण नाही तिला. आणि तिने काय केलं? फॉर्मवर स्वतःचं नाव घातलं, कुत्रा घातला. लहानपणी शाळा बुडवली तरी खोटी चिठ्ठी नेली नाही तिने कधी, आणि बापासाठी सही केली. माझ्यावर केस होईल म्हणून घाबरली.

आता तुम्ही माझं नाव लिहिलंत तर क्लेम गेला, वर तिची सही खोटी पडणार. आणि नाही लिहिलंत तर तुमच्या नोकरीचा प्रश्न, कळतं मला. मी काय सांगू तुम्हाला? मला एवढंच काम दिलं होतं, हो नाहीतर नाही.

तिचाच फोन. उचलू का? तुम्ही लिहा, लिहा —

हां, बोल गं. हो, आलेत साहेब. समोरच बसलेत. कागद दिले सगळे.

नाही गं. काही बोललो नाही मी.