पत्रिका उत्तम जुळते

“मुलीने नकार स्वतःच्या तोंडाने द्यायचा नसतो” — पाठ आहे मला, काका. तुम्ही मंडळाचे अध्यक्ष, तुमचा वधूवर विभाग, तुमचा नियम — आणि ‘का’ विचारायचं नाही, हाही तुमचाच. तो राहू द्या बाजूला, आधी हा स्क्रीन बघा. चष्मा? कपाळावर आहे तुमच्या. बाबा, तुम्हीही या इकडे. आणि हेमलतामावशी, रडू नकोस गं — राजीनाम्यावर सही तर बिल्कुल करू नकोस.

तर — शनिवारी मंडळाच्या पत्त्यावरून अनुरागच्या घरी मेल गेला, “उत्तराची या लग्नाला इच्छा नाही,” आणि माझा साखरपुडा अडला. काका, तुम्ही म्हणालात, मंडळाचे मेल हेमलता पाठवते, म्हणजे हाही तिनेच पाठवला. अच्छा? मग ही माझी स्क्रिप्ट — नोएडाच्या ऑफिसात दिवसभर असल्याच लिहिते मी — ही आपल्या डोमेनच्या, म्हणजे मंडळाच्या मेल-पत्त्याच्या, नोंदी वाचते, जगात कुणीही वाचू शकतं अशा, उघड्या. एक विचारते, मंडळाच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे? यादी आहे, ठीक. मग विचारते, यादीबाहेरच्या कुणी आपलं नाव लावून पाठवला, तर पलीकडच्याने काय करायचं? वाचा, काका, मोठ्याने. ‘नन’! म्हणजे काहीही करू नका, येऊ द्या! आणि तो मेल निघाला कुठून, तर यादीबाहेरून — हे बघा, त्याच्याच माथ्यावर लिहिलंय. पाठवला कुणी ते मला माहीत नाही, पण दार सताड उघडं होतं — आणि उघडं कुणी ठेवलं? ते बंद करा म्हणून मी कधीची मागे लागले होते, तर तुम्ही म्हणालात, “आपल्या नावाने बोलायची कुणाला हौस आहे?” — का, तर एकदा कडक केलं तेव्हा हळदीकुंकवाची आमंत्रणं स्पॅममध्ये गेली!

आणि यार, स्क्रिप्ट तरी कशाला? मावशीचे आजवरचे मेल काढा. मुलगी नाही म्हणो, मुलगा नाही म्हणो, सासूला नाक आवडलेलं नसो — मावशी लिहिते, “पत्रिका जुळत नाही, क्षमस्व.” ‘इच्छा नाही’ असं या मंडळातून कधी गेलंय? कुणाची इच्छा विचारली तर जाईल ना! — हसलात? चलो, मग फाडा तो राजीनामा. नाही, आत्ता, माझ्यासमोर. थँक्यू.

काय? फोन कुणाला लावताय — अनुरागच्या वडिलांना? “मेल खोटा निघाला, साखरपुडा ठरल्याप्रमाणे”? थांबा, काका. कट करा. मेल खोटा आहे असं म्हणाले मी. मजकूर खोटा आहे असं कुठे म्हणाले? — हे आज बोलायचं नव्हतं मला, मावशीचं निस्तरून गुपचूप आर. के. पुरमला घरी परतायचं होतं, पण — तो मेल वाचून मला राग नाही आला, बाबा. बरं वाटलं. पुन्हा उघडून वाचला. माझ्या मनातलं कुणीतरी बोललं, आणि बोललं कोण, तर एक भामटा! अनुराग वाईट नाहीये, मान्य. पण लग्नानंतर हिची नोकरी चालू ठेवायची का, हे त्याने विचारलं कुणाला? तुम्हाला. मी तिथेच बसले होते, हातात पोह्यांची बशी घेऊन. आणि तुम्ही म्हणालात, “ती काही हट्ट करणार नाही.” माझ्या वतीने! तुम्हाला त्या यादीत कुणी घातलं, बाबा?

लोक काय म्हणतील — म्हणू देत. मावशी, तू काही लिहू नकोस. पत्रिका उत्तम जुळते, गुण ढीगभर आहेत. काका, फोन द्या इकडे — द्या म्हणते ना, मीच लावते. हॅलो? नमस्कार, उत्तरा बोलतेय. हो, मीच, स्वतः. शनिवारचा मेल खोटा होता. नकार माझा आहे, आजचा, माझ्या तोंडाने. अनुरागलाही मीच सांगेन. ठेवते.

झालं. — हा घ्या फोन, काका. आणि तो ‘नन’ आधी बदला.