आप्पांनी ताट धुतलं

जिल्हा झाल्यापासून आमच्या लातुरात सगळं आलं. पाणी तेवढं रेल्वेनं आणावं लागलं. त्याच दुष्काळात माझे मित्र बसलिंगआप्पा यांच्या मुलानं बापाची दालमिल सोडून लेबनीज-मेक्सिकन हॉटेल काढलं. आप्पांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. शेवटी एकदा मीच त्यांना ओढून नेलं.

गिऱ्हाइकांना कागदी प्लेटा होत्या. आप्पांसाठी मुलानं स्टीलचं ताट आणलं. "हे हमस. हा टाको, आत राजमा हाय."

आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "सायेब, हरभऱ्याचं वाटण अन् मक्याच्या भाकरीत उसळ. याच्यासाठी मिल सोडली का, इचारा."

पण जेवत राहिले. मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

जेवण झालं की ताटात पाणी ओतून ताट धुवायचं आणि ते पाणी पिऊन टाकायचं, ही आप्पांच्या घरची रीत. मात्र फक्त घरी. "परक्याचं ताट आपण कशाला धुवावं?" असं म्हणायचे.

त्या दिवशी त्यांनी पेल्यातलं पाणी ताटात ओतलं, बोटांनी ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं.

मुलगा धावत आला. "आप्पा, राहू द्या. आम्ही घासतो की."

"पाणी हाय का घासायला?"

मिल सोडल्यापासून बापानं मुलाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.