हिरी बरी झाली त्याची साक्ष

—तिकडून नको ब्रदर, इकडून या, तिथं आत्ताच सारवलंय. तर कॅमेऱ्यासमोर साक्ष द्यायला तुम्हाला हिरीच पाहिजे. पास्टर विनोदची बायको, टीबीतून चमत्काराने बरी झाली, ती हिरी. घर बरोबर गाठलंत, मी तिची सासू. पण हिरी नाय घरात. बसा. ठाण्याहून आलात, दमला असाल. कोरा चहा चालतो ना? दूध नाय. मागा म्हणजे मिळेल असं विनोद सांगतो, पण म्हैस काय अजून आली नाय.

विनोदचा बाप इथल्याच चर्चचा पाळक होता. पोशेऱ्यापासून वरच्या पाड्यांपर्यंत पायी फिरायचा. प्रार्थनेला माणसं किती? दहा, लय झाली तर पंधरा. कशी वाढतील? एकदा लक्ष्याचा बैल मेला. हा गेला नि म्हणाला, लक्ष्या, देव बैल उठवील असं मी काय सांगत नाय, पण चल, खड्डा खणू लागतो. झालं का! असला पाळक कोणाला पाहिजे? वर सांगायचा, ख्रिस्ताच्या मागं यायचं तर वधस्तंभ उचलावा लागतो. आता तुम्हीच सांगा, असं बोलून गिऱ्हाईक टिकतं का?

विनोद हुशार निघाला. ठाण्याला बिगारीला गेला, तुमच्या चर्चच्या मोठ्या मंडळीत शिरला, नि परत आला तो कोट घालून. आल्या आल्या बापानं हाताने केलेला लाकडी क्रूस भिंतीवरून उतरवला — आई, म्हणे, तो बघून लोकांना उदास वाटतं. खरंय की! माणसाला खिळे ठोकलेले, हसरं कसं दिसणार? तिथं रंगीत दिव्यांत 'आशीर्वाद' लावलं. मग बायबलातली ईयोबाची गोष्ट गेली — एवढं दुःख रविवारी कशाला? मग पाप गेलं, पश्चात्ताप गेला — 'निगेटिव्ह' म्हणतो तो त्याला. बायबल दिसायला तेवढंच जाड, वाचायला पानं उरली चार. आणि त्या चार पानांवर माणसं मावेनात हो मांडवात! मोखाड्याहून, जव्हारहून जीपा भरून. कोणाला मूल पाहिजे, कोणाला नोकरी.

त्यात हिरीला खोकला लागला. टीबी निघाला, सरकारी गोळ्या सुरू झाल्या, पोरगी जरा सुधारली, तोंडावर तेज आलं — आणि ह्यानं मांडवात जाहीर केलं, देवानं माझ्या बायकोला स्पर्श केला! लोक नाचले. आता बरी झालेल्या बाईनं गोळी कशी खायची? गोळी म्हणजे अविश्वास. हिरी मला म्हणते, "आई, मी गोळी घेतली तर ते खोटे पडतील." बघा केवढी श्रद्धा! देवावर नाय, नवऱ्याच्या तोंडावर. मी विनोदला विचारलं, बायबलात पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, काय लिहिलं रे? पोट बिघडतं तर थोडा द्राक्षारस घेत जा. अख्खा प्रेषित, आणि औषध सांगतो! तर म्हणतो, "आई, ते त्या काळचं." म्हणजे मोशेचा समुद्र दुभंगला तो आजचा, आणि तीमथ्याचं पोट त्या काळचं!

मग एका रविवारी गाणं म्हणता म्हणता हिरीच्या तोंडातून रक्त आलं. पदरावर सांडलं. आणि ह्या लोकांनी काय केलं? कीबोर्डचा आवाज वाढवला. मी स्टेजवर चढले, तिला धरली, उतरवली, नि जीपमध्ये घालून जव्हारच्या दवाखान्यात नेली. तिथंच हाय ती. गोळ्या पुन्हा चालू झाल्यात. काल अर्धी भाकर खाल्ली.

विनोद? तो कसा येईल, ब्रदर? बऱ्या झालेल्या बायकोला दवाखान्यात भेटायला? — येतो. तोंडाला रुमाल बांधून येतो, कोणी ओळखू नये म्हणून. काल तिचे पाय चेपत बसला होता, नि रडत होता लहान पोरासारखा. "आई, आता खरं सांगितलं तर सगळे जातील." म्हटलं, जाऊ दे, तुझ्या बापाजवळ कोण होतं? तर म्हणाला, "म्हणूनच भीती वाटते. बाबांना खांदा द्यायला चार माणसं मिळाली नव्हती..." — हे मी तुम्हाला कशाला सांगते? बोलू नका कुठं. पोरगं वाईट नाय हो माझं.

काय? हिरी नसली तर मी साक्ष दिली तरी चालेल? सासू म्हणून? चालेल की! लावा कॅमेरा. कुठं बघू, ह्या काचेत? हां.

मी पुष्पलता. पाळकाची विधवा, पास्टरची आई. माझी सून हिरी देवाच्या दयेनं जिवंत आहे. ती दवाखान्यात आहे, गोळ्यांनी बरी होत आहे, आणि त्या गोळ्याही देवानंच दिल्या. आमचं ऐकून ज्यांनी ज्यांनी औषध सोडलं असेल त्यांनी आजच्या आज परत —

का हो? बंद का केलंत?

बरं. राहू द्या. रविवारी मांडवात मीच उभी राहीन, तिथं माझं बटण कोणाच्या हातात नाय. उठा आता. मला हिरीचा डबा करायचाय.