जुनं गिऱ्हाईक

भाची : आत्या, परत एकदा विचार कर. पुसलं की गेलं. मग माझ्या नावानं खडे फोडू नकोस.

आत्या : विचार कसला त्यात? नव्या ॲपवर सलूनचं नवं खातं उघडलंय ना आपण? मग जुना केर कशाला मागे ठेवायचा? काल निम्म्याहून जास्त पोस्टी उडवल्यास, आज उरलेल्या उडव.

भाची : अगं, हा बॉबकट बघ तरी. किती देखणा कापलायस!

आत्या : त्या बाईनं तासभर माझं डोकं खाल्लं होतं. उडव.

भाची : आणि हा गोड छोटू?

आत्या : चावला होता मला. उडव.

भाची : पण हे ‘जुनं गिऱ्हाईक’ कोण गं? प्रत्येक फोटोखाली याचं एक खुसपट आहेच. ‘उजवा कल्ला अर्धं बोट लांब.’ ‘मागे केसांत पायऱ्या दिसतात.’ मोठा शहाणाच लागून गेलाय!

आत्या : असेल कुणी रिकामटेकडा. तू काम कर.

भाची : आणि पुढच्या फोटोत कल्ले बरोब्बर सारखे! म्हणजे ऐकतेस की त्या रिकामटेकड्याचं.

आत्या : दाखवलेली चूक सुधारायची नाही? किती राहिल्या?

भाची : एकच. सगळ्यात पहिली, सहा वर्षांपूर्वीची. ‘जुनाट दुकानाला रामराम! आता खऱ्या अर्थानं केस कापणार.’ आत्या! बाबांच्या दुकानाला जुनाट म्हणालीस तू? यावरून तुमचं बोलणं बंद झालं?

आत्या : तोंडावर म्हटलं असतं, तर दादा चार शब्द सुनावून मोकळा झाला असता. मी चारचौघांत लिहिलं. तुझ्या आजोबांनी उभं केलेलं दुकान ते. तिथंच कात्री धरायला शिकले मी. घोडचूक झाली.

भाची : मग ही एकच पुसायचीस ना, तेव्हाच!

आत्या : एकच पुसली असती, तर त्याला कळलं असतं की मला लाज वाटतेय. सगळ्याच पुसल्या तर काय, बाई नव्या ॲपवर गेली.

भाची : धन्य आहेस! थांब, हिच्याखालीही ते गिऱ्हाईक आहेच. ‘रेघ मारायच्या आधी मान नीट बघावी.’ अगं, हे तर बाबा रोज कारागिरांना ऐकवतात!

आत्या : तुझ्या आजोबांचं वाक्य ते. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

भाची : ओळखलं होतंस? सहा वर्षं? आणि माझ्या हातानं सगळं पुसून घेतलंस? बाबांचं एवढं सगळं बोलणं गेलं की त्यात!

आत्या : काल मोकळं वाटलं होतं गं. आज सकाळपासून तीन जणांचे केस कापले आणि एकातही कुणी चूक काढली नाही. करमेचना मला.

(फोन वाजतो.)

भाची : आत्या, त्याच खात्यावरून निरोप आलाय. ‘काल बऱ्याच पोस्टी दिसेनाशा झाल्या. आज तर एकच उरलीय. दुकान चालू आहे ना? तब्येत बरी आहे ना?’

आत्या : परत वाच.

भाची : ‘तब्येत बरी आहे ना?’ काय लिहू? ‘आपण कोण?’ असं विचारू?

आत्या : गप गं! आधी मला सांग, दादाचे मागचे केस हल्ली कोण कापतं? आम्ही दर महिन्याला एकमेकांचे कापायचो. केस कापणाऱ्याला स्वतःची मान कुठं दिसते?

भाची : आई कापते. उंदरानं कुरतडल्यासारखे दिसतात.

आत्या : अरे देवा! आणि वर मला पायऱ्या दाखवतो!

भाची : उत्तराचं सांग ना. वाट बघत असतील ते.

आत्या : लिही, दुकान चालू आहे, तब्येतही ठीक आहे. जुनाट म्हणाले ते चुकलंच माझं. नव्या ॲपवर पहिला फोटो टाकायचाय, सोमवारी दोघांचीही सुट्टी असते, तेव्हा केस कापून घ्यायला ये.

भाची : पाठवलं. आता ही शेवटची पुसू?

आत्या : राहू दे. सोमवारी त्यालाच पुसू दे त्याच्या हातानं. आणि हे बघ, वहिनीला घरी जाऊन सांग, तोवर त्याच्या मानेला कात्री लावू नको म्हणावं.