ढोल थांबवल्याबद्दल

मी, दोरावर चालणाऱ्या बाईची आई, वय ५८, धंदा पूर्वी दोरावर चालणे, सध्या खेळाचे कपडे शिवणे व दोर तपासणे, राहणार फिरत्या लोककला महोत्सवाच्या मुक्कामी, सध्या मैदानामागच्या शाळेतली कोपऱ्यातली खोली, पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते की,

ढोल वाजवणारे माझे जावई आहेत. काल संध्याकाळी त्यांनी महोत्सवाच्या व्यवस्थापकांना मंचावरून ढकलले व त्यात व्यवस्थापकांचे मनगट मोडले, अशी तक्रार आहे. ढकलले हे खरे आहे. मी दोराच्या खुंट्याजवळ उभी होते, मला स्वच्छ दिसले.

मुलगी दोरावर असेपर्यंत आमचा ढोल थांबत नाही. थांबला म्हणजे दोर सैल पडतोय, काठी टाक आणि दोर धर. तिला खाली बघता येत नाही, म्हणून ही खूण. व्यवस्थापकांना मी हे पहिल्याच मुक्कामी सांगितले होते. ते फोनमध्ये डोके घालून 'हो, हो' म्हणाले होते.

मुलगी दोराच्या मध्यावर असताना प्रमुख पाहुणे आले. स्वागताचे भाषण करायचे म्हणून व्यवस्थापकांनी ढोलावर हात दाबून धरला. मुलीने काठी टाकली व ती दोराला लोंबकळली. लोकांना वाटले खेळच आहे, टाळ्या पडल्या. दोर ताठच होता, पण ते तिला वरून कळणार नव्हते.

"साहेब, हात काढा, ती वर आहे," असे जावई दोनदा म्हणाले. व्यवस्थापक म्हणाले, "दोन मिनिटं थांबलास तर काय आभाळ कोसळणार आहे?" तेव्हा जावयांनी त्यांना ढकलले व ढोल पुन्हा सुरू केला. मुलगी दोरावर चढून उभी राहिली आणि उरलेला दोर काठीशिवाय चालून गेली. काठीशिवाय मी उभ्या जन्मात चालले नाही.

नमते घेता आले नसते का, असे विचारल्यावरून सांगते की, दोनदा घेतले. तिसऱ्यांदा घेईपर्यंत मुलीचे हात सुटले असते.

गुन्हा नोंदला गेला तर आम्हाला महोत्सवातून काढतील, हे मला समजावून सांगण्यात आले. समजले. जावई तसे घुमे. मुलीने पसंत केले तेव्हा मी नाक मुरडले होते. त्यांनी काल ढकलले याचा मला अभिमान आहे.

हे शेवटचे वाक्य जावयांना अडचणीत आणेल, गाळू का, असे जबाब लिहिणाऱ्या साहेबांनी विचारले. गाळू नये, असे मी सांगितले.

जबाब मला वाचून दाखवला. तेवढे वाक्य मी पुन्हा वाचायला लावले. सांगितले तसेच लिहिले आहे, बरोबर आहे.