बासरी कुठं येते

प्रभाकर : रेकॉर्डचं कव्हर माह्यंच आहे, मास्तर. पाण्यात उभा घोडा. पण अंदर हे काय होय? शहनाई?

रूपराव : हो. शहनाईच आहे.

प्रभाकर : मी तुले विलायती प्रोग्रेसिव्ह रॉकची रेकॉर्ड देली होती. अख्ख्या सेलूत एकच होती. कुठं हारवली?

रूपराव : हरवली नाही. तू हीच दिलीस. तुझ्या लग्नाच्या आठवड्यात. घरी जाऊन उघडलं तर ही निघाली.

प्रभाकर : बेचाळीस वर्षं झाली माह्या लग्नाले. आन् तू आज सांगून राह्यला? तेबी नातवानं प्लेअरले नवी पिन आनली, मी रेकॉर्ड मागतली, तवा?

रूपराव : मी दुसऱ्याच दिवशी सांगायला आलो होतो. पण तू दारातच विचारलंस, कशी वाटली? माझ्या तोंडून निघून गेलं, अप्रतिम.

प्रभाकर : अप्रतिम.

रूपराव : तू इतका खूश झालास. म्हणालास, मग ठेव, अजून ऐक. त्यानंतर धीर झाला नाही.

प्रभाकर : आन् आष्टीच्या शाळेतून पत्रं लिवत होता, ते? बावीस मिनिटांचं एकच गाणं, वाद्यं कशी एकमेकाले वाट देतात, ते? मी ते दुकानात गिऱ्हाइकायले वाचून दाखवले.

रूपराव : कव्हरच्या मागे गाण्याचे सगळे शब्द छापले आहेत. कोणी काय वाजवलं, तेही. मी ते फार वेळा वाचलं, प्रभाकर. बाकीचं तू सांगायचास.

प्रभाकर : बासरी कुठं येते?

रूपराव : अगदी सुरुवातीला. ड्रमच्या आधी.

प्रभाकर : कोनं सांगतलं?

रूपराव : तूच.

प्रभाकर : बाप म्हने, डब्बे वाजवनं बंद कर. भाऊ हासत. मले वाटे, हासू द्या, एका मानसाले तरी समजते. म्हनजे इतकी वर्षं मी एकटाच होतो.

रूपराव : चुकलो मी.

प्रभाकर : चुकलो म्हनू नको. चुकनं एक दिवसाचं असते.

कौशल्याबाई : भाऊजी, चहा घ्या, थंडा होऊन राह्यला. अहो, शहनाईचं कव्हर तर आपल्या कपाटात आहे. लग्नापासून त्याले कोनं हात नाई लावला.

प्रभाकर : काय?

कौशल्याबाई : तुमच्या प्लेअरची पिन लग्नातच तुटलती ना. तवापासून तुमीबी कुठं ऐकली? भाऊजीवर काऊन चिडून राह्यले?

(त्या कव्हर आणून देतात. आत घोड्याची रेकॉर्ड. पिन टेकते.)

रूपराव : मी निघू का?

प्रभाकर : बस तिथंच. बावीस मिनिटं हालू नको.

रूपराव : बरं.

रूपराव : (थोड्या वेळानं) प्रभाकर.

प्रभाकर : आता काय होय?

रूपराव : ड्रम तर सुरू झाले. बासरी?

प्रभाकर : चूप राह्य. मीबी वाटच पाहून राह्यलो.